निळ्या गाडीला सात हात

सुवेझ, ११ फेब्रुवारी २०२२

बाबा, सलाम.

काल फोनवर मी तीनदा ओरडून विचारलं, गोळ्या वेळेवर घेता का. तुम्ही तीनदा सांगितलंत की दुमियातमध्ये पाऊस नाही. शेवटी शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. तेव्हा मी हात टेकले. आजपासून पत्र. तुम्ही म्हणालात तसं जाड काळ्या पेनाने मोठ्या अक्षरांत लिहितेय. पाचवीच्या फळ्यावरसुद्धा मी एवढं मोठं लिहीत नाही.

फतूहच्या मायक्रोबसमधून एक पुडकं पाठवलंय. त्यात एक बाटली, लेपाची एक डबी आणि दोन मऊ फडकी आहेत. हातेमच्या दुकानात सध्या हेच सगळ्यात जास्त खपतं. फवारायचं सिरॅमिक वॅक्स म्हणतात त्याला. रास अल-बरच्या किनाऱ्यावरचा खारा वारा आपल्या गाडीचा रंग खातोय, ते मागच्या ईदला मी पाहिलं. हे मारलं की वरचेवर खार बसत नाही, पाणी थेंबाथेंबाने ओघळून जातं आणि चमक येते.

कसं करायचं ते हातेमने सांगितलंय. गाडी धुवायची, सावलीत उभी करायची. डबीतला लेप चोळून जुने डाग काढायचे. मग एका वेळी एकच पत्रा घ्यायचा. त्यावर दोन फवारे, पहिल्या फडक्याने पसरायचं आणि लगेच, वाळू न देता, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. एकदाच. बस.

आणि भाजीवाल्याच्या हातगाडीचं काय प्रकरण आहे? शाफीचाचा फोनवर काहीतरी म्हणाले आणि त्यांनी लगेच फोन ठेवला.

तुमची
इनास


दुमियात, २० फेब्रुवारी

इनास पोरी,

पुडकं मिळालं. एक्केचाळीस वर्षं मी लाकडाला पॉलिश केलं. अर्ध्या डेल्टातल्या नवऱ्यामुलींनी माझ्या हातच्या कपाटात तोंड बघून काजळ घातलं. आणि आता जावईबापू सुवेझमध्ये बसून मला, उस्ता रगबला, फडकं कसं धरायचं ते शिकवणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण बाटली हुंगून पाहिली, वास वाईट नाही. करून बघतो.

हातगाडीचं काही नाही. ती उभीच चुकीच्या जागी होती. चार टोमॅटो सांडले. शाफी न्हावी होता, आयुष्यभर लोकांच्या गालाला साबण लावत गप्पा मारल्या. आता गिऱ्हाईक उरलं नाही तर माझ्या गप्पा करतो.

मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती नीट विचारून कळव. बॉनेटवर, ड्रायव्हरच्या बाजूला, काचेजवळ तुझ्या आईचा पंजा आहे. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, तुला आठवेल. शहाण्णव साली गाडी आणली, दारात बोकड कापला आणि नजर लागू नये म्हणून अतियातने रक्तात हात बुडवून बॉनेटवर ठेवला. लोक तासाभरात धुऊन टाकतात. ही बाई ऑगस्टच्या उन्हात तीन दिवस गाडीला पाण्याचा थेंब लावू देईना. "आधी मुरू दे, मग धुवा," म्हणाली. धुतलं तेव्हा रक्त गेलं, पण रंगात पंजा उमटून राहिला. तिरप्या उन्हात अजून दिसतो. ती गेल्यापासून रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी मी त्यावर हात ठेवतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, शाफीलाही नाही.

तर त्या लेपाने तो जाईल का? आणि वॅक्स वरून मारलं तर खाली आहे ते तसंच राहील का? जाणार असेल तर बाटली परत पाठवतो.

आणि गाडी विकायचा विषय तुझ्या मनात घोळतोय, ते मला न सांगताही कळतं. तो पंजा आहे तोवर ही गाडी विकली जाणार नाही आणि तिची किल्ली माझ्या खिशातून बाहेर पडणार नाही. हे एकदाच लिहितो.

बाबा


सुवेझ, २ मार्च

बाबा,

हातेमला विचारलं. तो म्हणतो, लेपाने पंजा नक्की जाईल, त्यामुळे तिथे लेप अजिबात लावू नका. सभोवती कागदी चिकटपट्टी लावून तेवढी जागा झाका. बाकीची गाडी चोळून झाली की पट्टी काढा आणि वरून वॅक्स मारा. मग खाली जे आहे ते तसंच राहील.

पंजाचं वाचून शाळेतल्या स्टाफरूममध्ये रडू आलं. मला फक्त बोकडाचं ओरडणं आठवत होतं. आई मला जास्त करून पिठाच्या परातीपाशी आठवते. परवा शुक्रवारी फतीर केलं, कणीक मळताना बघते तर माझी पाचही बोटं पिठात बरबटलेली. आई कशी अंगठीचं बोट तेवढं वर धरून मळायची. लुजैनला मी ते करून दाखवलं. ती म्हणाली, आजी नाटकी होती का. म्हटलं, होती थोडी.

बाबा, रागावू नका, पण तुमच्या पत्रात दोन ठिकाणी एका ओळीवर दुसरी ओळ चढली आहे. शेवटची ओळ तर कागद सोडून गेली. डोळे कसे आहेत? मन्सूऱ्यात एक चांगले डॉक्टर आहेत, माझ्या मैत्रिणीच्या आईचे दोन्ही मोतीबिंदू त्यांनी काढले. मी नाव घालून ठेवू का? ऐकू येत नाही ते एक वेळ चालेल, पण दिसायला नको का?

वॅक्स लगेच पुसायचं, हे विसरू नका. वाळू द्यायचं नाही.

इनास


दुमियात, १३ मार्च

इनास,

झालं काम. चार दिवस लागले.

चिकटपट्टीचा सल्ला बरा होता. सकाळी बॉनेटवर हात फिरवला, पंजा सापडला, बोटांना लगेच खरखर लागली. तेवढी जागा नीट झाकली. माझी बोटं मला कधी फसवत नाहीत. लाकडावर केसाएवढी रेघ राहिली तरी ती अंधारात सांगायची. मग बाकी गाडी लेपाने अशी चोळली की एक डाग ठेवला नाही.

वॅक्स मात्र मी माझ्या पद्धतीने मारलं. दोन फडकी आणि लगेच पुसा, हे धुलाई केंद्रातल्या लोकांचं काम. जे लावलं ते लगेच पुसून टाकायचं तर लावायचं कशाला? मी कापसाचा बोळा केला, जुन्या सदऱ्याच्या कापडात बांधला, गोल गोल फिरवत एक हात दिला, वाळू दिला, मग दुसरा. लाखेचं पॉलिश जसं देतात तसंच. सात हात दिले. बाटली संपली. हातेमला सांग, शिकायचं असेल तर ये म्हणावं, शिकवणी फुकट.

गाडी अशी चमकतेय की काय सांगू. मशिदीचा मिनार तीत उलटा दिसतो. शाफी बघायला आला आणि बराच वेळ बोललाच नाही. त्या माणसाची वाचा बसली म्हणजे समज.

डोळे ठीक आहेत. पेन खराब होतं. डॉक्टरला उगाच त्रास देऊ नकोस.

बाबा


सुवेझ, १८ मार्च

बाबा,

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले.

शाफीचाचांना फोन केला. तुम्ही लिहिता त्यांची वाचा बसली. ते मला म्हणाले, "इनास, गाडी दुधाने धुतल्यासारखी दिसते गं. सगळीकडे पांढरे गोल. आणि उस्ता तिच्यापुढे उभा राहून मला विचारतो, कशी आहे. मी काय बोलू?"

बाबा, ते वॅक्स वाळलं की पांढुरकं होतं. सात हात वाळल्यावर ते कुणालाही दहा पावलांवरून दिसेल. तुम्हाला दिसलं नाही. वार्निशमधला एक बुडबुडा दिसला तर कारागिराला घरी पाठवणारे तुम्ही, तुम्हाला ते दिसलं नाही.

आणखी एक खरं सांगते. बाटली मी वाऱ्यासाठी पाठवली नव्हती. गाडी चांगली दिसावी, म्हणजे गिऱ्हाईक मिळेल, म्हणून पाठवली. रास अल-बरचे इंजिनिअर वासिफ येत्या शुक्रवारी बघायला येतील, त्यांच्याशी मीच बोलले. मला भीती वाटते. तुम्हाला हॉर्न ऐकू येत नाही आणि आता पांढरं-निळंसुद्धा कळत नाही. तुमचं काही बरंवाईट झालं तर मी सोसेन कदाचित. तुमच्या हातून दुसऱ्या कुणाचं काही झालं तर तुम्हीच जगणार नाही, हे मला माहीत आहे.

मन्सूऱ्याच्या डॉक्टरांकडे १२ एप्रिलची वेळ घेतली आहे.

शिव्या द्या, पण उत्तर द्या.

इनास


दुमियात, ३० मार्च

इनास,

ताकाला जाऊन भांडं लपवलंस. स्वतःच्या बापापासून. बाटली, फडकी, खारा वारा, सगळं गिऱ्हाइकासाठी. आईवर गेली नाहीस तू, तुझ्या आत्यावर गेलीस.

आला होता तुझा इंजिनिअर. इस्त्रीचा सदरा, हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र. प्रत्येक पत्र्याला लावून आकडे बघत होता. दरवाजे, छप्पर, बॉनेट, सगळं फाब्रिका, कारखान्यातला मूळ रंग. सव्वीस वर्षांत एकाही पत्र्याला दुसऱ्यांदा रंग लागलेला नाही. मला वाटलं, आता टोपी काढेल. तर माझ्या कानाशी येऊन ओरडला, "हाजी, एवढ्या चांगल्या गाडीचं हे कुणी केलं?" मी म्हणालो, भाव पाडायच्या या युक्त्या मी तुझ्या जन्माआधी पाहिल्यात. त्याला चहासुद्धा न विचारता घालवला.

तो गेल्यावर मी शाफीला धरलं. म्हटलं, खरं सांग. तो जमिनीकडे बघत राहिला. तेवढं मला दिसलं.

रागाने लिहायला बसलो होतो, पण राग पुरला नाही. माझं पॉलिश बिघडलं असेल तर बिघडू दे, ते माझ्या हातांचं आहे, मी भोगेन. पण तेव्हापासून झोप नाही. पट्टी काढल्यावर त्या जागेवर हात ठेवतो, खरखर लागते. म्हणजे पंजा आहे. पण डोळे फसतात तर बोटं का फसणार नाहीत, असं मनात येतं. शाफीला विचारायची लाज वाटते. पंजाचं त्याला माहीत नाही आणि मला सांगायचंही नाही.

तू ये. एकदा बघ आणि मला सांग. आहे म्हणालीस तर मी आणि गाडी आहोत तिथेच राहू, पुन्हा विषय नको. नाही म्हणालीस तर किल्ली घेऊन जा, ज्याला द्यायची त्याला दे. तुझ्या शब्दावर सोडलं.

बाबा


सुवेझ, ९ एप्रिल
(हे पत्र पाठवलं नाही.)

बाबा,

काल तुम्ही अंगणात गाडीकडे पाठ करून उभे राहिलात आणि म्हणालात, बघ. मी पाहिलं. उजवीकडून, डावीकडून, बॉनेटवर गाल टेकवून पाहिलं. पंजा नाही. जिथे होता तिथे सगळं गुळगुळीत आहे, तुम्ही चोळून काढलाय. तुम्ही पट्टी लावलीत ती जागा हातभर पुढे आहे. तिथे कसला तरी जुना चिकट डाग आहे, तोच राहिलाय.

तुम्ही वळून विचारलंत, "आहे?" उपवासाने तुमचे ओठ सुकले होते. माझ्याच्याने


सुवेझ, १० एप्रिल

बाबा,

परवा घाईत निघाले. इफ्तारच्या आधी सुवेझला पोचायचं होतं म्हणून नुसती मान हलवली. तुम्हाला लेखी हवं असणार, मी ओळखते तुम्हाला. तर लिहिते.

आहे. आईचा पंजा बॉनेटवर आहे. उन्हात तिरकं बघितलं की स्वच्छ दिसतो, पाचही बोटं आणि तळवा. मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला, माझा थोडा मोठा भरला. वॅक्सने तो आत पक्का धरून ठेवलाय. बाकीचे पांढरे गोल पुसले की जातील, त्याची काळजी नको.

तुम्ही शब्द दिला होता, मी पण देते. विकायचा विषय पुन्हा काढणार नाही. फक्त गाडी जपून चालवा, बाजाराच्या दिवशी नको, आणि शाफीचाचांना शेजारी बसवा.

डॉक्टरांची १२ तारखेची वेळ मी रद्द केली आहे. रमजानात उगाच धावपळ नको. ईद होऊ दे, मग उन्हाळा होऊ दे, मग बघू. मोतीबिंदूला काही घाई नसते म्हणतात.

तब्येत सांभाळा.

इनास


दुमियात, ९ जून

इनास पोरी,

दोन महिने उत्तर दिलं नाही म्हणून तू शाफीला नऊ वेळा फोन केलास. काही सांगू नकोस असं मीच त्याला बजावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तोंड मिटून ठेवलं, त्याचं कौतुक कर.

या पत्रातल्या ओळी बघ. सरळ आहेत ना? बारीक पेनाने लिहितोय. २२ मे रोजी मन्सूऱ्यात उजवा डोळा करून घेतला. शाफी बरोबर होता. डावा पुढच्या महिन्यात.

तुझं १० एप्रिलचं पत्र मी गच्चीत भिंग घेऊन वाचलं. पहिल्यांदा वाचलं आणि बरं वाटलं. खोटं का सांगू, रडलो. दुसऱ्यांदा वाचताना मोतीबिंदूपाशी थबकलो. माझ्या डोळ्यांमागे हात धुऊन लागलेली मुलगी एकदम म्हणते घाई नाही. माझे डोळे उघडायची तुला भीती का वाटावी? मग तिसऱ्यांदा वाचलं आणि बोटांपाशी आलो.

पाच बोटं लिहिलीस तू.

आता हातगाडीचं सांगतो. ती चुकीच्या जागी उभी नव्हती. मला ती दिसलीच नव्हती. तिच्यामागे सात-आठ वर्षांची एक मुलगी टोमॅटो निवडत होती, तिला भाजीवाल्याने दंडाला धरून मागे ओढलं. हे शाफीने तुला सांगितलं नाही, मी तुला सांगितलं नाही, स्वतःलाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून चालत राहिलो. आणि तू माझं मन राखायला पाच बोटं लिहिलीस आणि त्यांच्याबरोबर किल्लीही माझ्या हातात ठेवलीस. तुला कळत होतं तू काय करतेयस. कळूनही केलंस. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणून रागावत नाही. पण त्या दुपारी किल्ली शाफीला नेऊन दिली आणि त्याला म्हटलं, मन्सूऱ्याला चल. तिथे डोळे उघडल्यावर काय दिसणार आहे, ते मला जाण्याआधीच माहीत होतं.

परत आलो, डोळ्यावरची पट्टी काढली आणि आधी अंगणात गेलो. शाफी खरं बोलला होता, दुधाने धुतल्यासारखीच होती. एक्केचाळीस वर्षांत एवढं वाईट काम माझ्या हातून झालं नव्हतं. पंजा नव्हता. माझ्याच हाताने, जोर लावून, मी तो चोळून काढला होता. मी बॉनेटवर डोकं टेकून बसलो. आणि मी पट्टी लावून जपला तो डाग काय होता, माहीत आहे? तुझ्या लग्नात गाडीला फुलं चिकटवली होती, त्याचा गोंद. अडीच महिने रोज सकाळी अतियात समजून मी तुझ्या वरातीच्या गोंदावर हात ठेवत होतो. जरासं हसू आलं. तीसुद्धा हसली असती.

मग फतूहच्या नावाने हातेमकडून आणखी एक बाटली मागवली. ती माझ्यासाठी होती, फतूहसाठी नव्हती, हे आता हातेमला सांगायला हरकत नाही. आठ दिवस बसून सातही हात उतरवले. मग सावलीत, एका वेळी एक पत्रा, दोन फवारे, दोन फडकी, वाळू न देता. जावईबापूंना सांग, उस्ता रगबने शिकवणी घेतली. चमक खरंच आली. या वेळी मी ती पाहिली. इंजिनिअर वासिफला चहा पाजला आणि गाडी त्याला दिली. गोंदाचा डाग काढून द्या म्हणत होता. म्हटलं, तेवढा राहू दे.

आता शेवटचं. ऑगस्टच्या त्या दिवशी तुझ्या आईने हात रक्तात बुडवला, तेव्हा अंगठीला रक्त लागू नये म्हणून ते बोट वर धरलं होतं. कणकेत धरायची तसंच. बॉनेटवर चारच बोटं उमटली. तू सहा वर्षांची, ती मोजून रडायला लागलीस, आईचं एक बोट बोकडाने खाल्लं म्हणून. मग आईने मोकळं बोट तुझ्या नाकावर ठेवून दाखवलं तेव्हा गप्प झालीस. तू विसरलीस, यात तुझी चूक नाही. मी विसरलो नाही, एवढंच.

फतूहकडे एक डबी दिली आहे. त्यात ती अंगठी आहे. कणीक मळताना काढून ठेवू नकोस. बोट वर धर.

बाबा